कळकलेलं तीर्थ

काकूंना नाक नव्हतं, नाकाला काकू होत्या, असं देवळात येणारे लोक म्हणायचे. काकू म्हणजे पुजाऱ्यांची बायको. देवळामागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहायचे, आणि नवऱ्याला सगळे गुरुजी म्हणत म्हणून बायको आपोआप सगळ्यांची काकू झाली होती. दूध नासणार हे दुधाला कळायच्या आधी काकूंना कळायचं. आरतीच्या गर्दीत डोळे मिटून उभ्या असल्या तरी शेजारी कोण येऊन उभं राहिलं, त्यानं सकाळी आंघोळ केली की नुसतं डोक्यावर पाणी शिंपडलं, सगळा पंचनामा त्यांच्या नाकापाशी हजर असायचा.

अशा नाकाच्या बाईला देवळामागे जन्म काढावा लागला ही चेष्टाच म्हणायची. पुढून येणाऱ्याला देऊळ म्हणजे चंदन, कापूर आणि ताजी फुलं. मागे राहणाऱ्याला त्याच गोष्टी चार दिवसांनी भेटतात. चिकट झालेल्या हारांचा ढीग, नारळाचं आंबलेलं पाणी, समईतलं खवट तेल, आणि देवाच्या अंगावरून वाहून मागच्या गटारात साचलेलं दूध. त्या दुधावर दुपारपर्यंत पिवळी साय धरायची आणि सायीवर माशा बसायच्या. देवाला द्यायचं म्हणून माणसं जे जे आणतात ते शेवटी कुजतं, हे काकूंना बत्तीस वर्षांत पाठ झालं होतं. त्यांना शिसारी यायची, आणि ती आली की पदर नाकाला लावून त्या कामाला लागायच्या.

हे मागचं सगळं काढणारी होती मावशी. झाडलोट, गटार, मोरी आणि देवाची भांडी, ही चारही खाती एकोणीस वर्षं तिच्याकडे होती. भांड्यांच्या खोलीला टेकून पत्र्याची एक खोली होती, तिच्यात ती एकटी राहायची. काम सुटलं तर खोली सुटणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि देवळाच्या समितीलाही. गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही असं तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळच तिनं आणली नव्हती. रोज सकाळी काकूंच्या मागच्या दाराशी बसून ती चहा प्यायची. तिचा कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. काकूंना ती वहिनी म्हणायची, आणि काकूंना वाटायचं की आपलं तिच्यावाचून आणि तिचं आपल्यावाचून चालत नाही. अर्धं खरं होतं ते.

आता समितीच्या अध्यक्षांकडे वळायला हवं. रंग आणि नळांचं मोठं दुकान, त्याहून मोठा आवाज, आणि दिवंगत वडिलांचं नाव जगापुढे ठेवायची न भागणारी हौस. देवळातल्या बाकांवर वडील होते. पाण्याच्या टाकीवर वडील होते. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर वडील होते, म्हणजे पंखा सुरू झाला की वडील गरगर फिरायचे. पहिल्या पायरीवरही त्यांनी वडिलांचं नाव कोरून घेतलं होतं, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस अध्यक्षांच्या वडिलांवर पाय देऊन देवाकडे जायचा. एवढं होऊनही समाधान नव्हतं. एक दिवस ते तीर्थासाठी तांब्याचं नवं पातेलं घेऊन आले. हातभर रुंद, लखलखीत, आणि गळ्याभोवती दोन ओळींत वडील, पदवीसकट.

जुनं पितळी पातेलं होतं, त्याला आतून कल्हई होती. कल्हई म्हणजे कथलाचा पांढरा हात. तो नसला की तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकतं. हिरवट पडतं, जिभेवर गंजल्यासारखी चव येते, आणि पोटात गेलं की पोट ते ठेवून घेत नाही. तीर्थ म्हणून देवळात वाटायचं ते पंचामृत, म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखर. काकूंनी नव्या पातेल्यात वाकून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"भांडं देखणं आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त आतून कल्हई लावून आणा."

"कल्हई?" अध्यक्षांनी भुवया वर नेल्या. "म्हणजे आतलं तांबं झाकून टाकायचं?"

"दही घालायचं ना त्यात. कळकेल."

समितीचे सचिव निवृत्त हेडमास्तर होते. जगात कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलेल आणि आपण ते सुधारू, या आशेवर ते जगत होते. "काकू," ते म्हणाले, "तांब्यातलं पाणी आरोग्याला उत्तम असतं. वाचलं नाही का तुम्ही?"

"पाणी असेल. मी दह्याचं म्हणतेय."

"शुद्ध तांबं दिलंय मी," अध्यक्ष म्हणाले. "देवाच्या भांड्याला आतून कथलाचं अस्तर म्हणजे भेसळच की. बाहेर एक आणि आत एक असला प्रकार आमच्या घराण्यात नाही."

हेडमास्तरांनी री ओढली. गुरुजी दाराच्या चौकटीशी उभे होते, त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं. तो होकार होता की नकार, हे बत्तीस वर्षं संसार करूनही काकूंना कळलं नाही. जुनं पातेलं अध्यक्षांच्या घरी गेलं. तिथे ते दिवाणखान्यात शोभेला ठेवलं आणि त्यात छत्र्या उभ्या केल्या, असं नंतर कळलं.

पातेलं देवाला अर्पण करायचा कार्यक्रम रविवारी ठरला. कुणी मोठे साहेब पाहुणे म्हणून यायचे होते. फोटो काढणारा सात वाजता येणार, म्हणून पंचामृत साडेसहालाच करून पातेलं चौरंगावर ठेवा, असा हुकूम होता. काकूंनी सांगून पाहिलं की दही शेवटी घालते. पण फोटोत पातेलं काठोकाठ भरलेलं दिसायला हवं होतं. मावशीनं आदल्या दिवशी चिंच आणि मीठ लावून ते असं घासलं होतं की त्यात तोंड दिसत होतं. काकूंनी दही ओतलं, दूध ओतलं, बाकीचं घातलं. पातेल्याच्या गळ्यात हार पडला. फोटो निघाले.

साहेब नऊला येणार होते. नऊला निरोप आला की गाडी रस्त्यात बंद पडली आहे.

काकूंना वास नऊलाच आला. आधी नाण्यांचा, घामेजल्या मुठीत धरून ठेवलेल्या नाण्यांचा. मग त्याखाली आंबट काहीतरी. त्या पातेल्याजवळ गेल्या. काठाला लागून हिरवट कड धरली होती, आणि मधाच्या वासानं खुळावलेल्या दोन माशा तिच्यावर बसून पाय चोळत होत्या. त्यांनी गुरुजींना खांबामागे ओढलं.

"अहो, कळकलंय ते."

"हळू बोल."

"हळू बोलले तरी कळकलंय. ओतून टाका. मी घरातल्या स्टीलच्या डब्यात थोडं नवीन करते, तेवढं पळी-पळी पुरवू."

"अगं, हार घातलाय त्याला. फोटो निघालेत. सगळ्यांच्या देखत त्यांच्या वडिलांच्या नावाचं भांडं मोरीत ओतू म्हणतेस?" गुरुजींच्या ओठावर घाम जमला होता. "उद्या त्यांनी जा म्हटलं तर या वयात कुठे जायचं आपण? मुलाकडे? त्याच्या एका खोलीत?"

काकूंनी एकदा पातेल्याकडे पाहिलं आणि एकदा आपल्या दोन खोल्यांच्या दाराकडे. मग त्यांनी मिठाची गुळणी धरली.

साहेब साडेअकराला आले. सगळे इतके ताटकळले होते की तीर्थासाठी रेटारेटी झाली. गुरुजी पळीनं वाढत होते आणि तळहात पुढे येत होते. पांढरे, काळे, तंबाखूनं पिवळे पडलेले, सोन्याच्या अंगठ्यांत रुतलेले. लोक भुरका मारायचे, तळहात चाटायचे, तोच हात डोक्यावरून फिरवून केसांना पुसायचे आणि दुसऱ्यांदा रांगेत शिरायचे. "आज चव वेगळी आहे," एकजण म्हणाला. "शुद्ध तांब्याची आहे," हेडमास्तर म्हणाले. गुरुजींनी स्वतःची पळी ओठांना लावल्यासारखी केली. काकूंपुढे आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा उपास आहे." उपासाला पंचामृत चालतं हे देवळातल्या खांबालाही ठाऊक होतं. गुरुजींनी पळी मागे घेतली आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढचा तास वर्णन करण्यासारखा नाही, पण तो झाला. पहिल्यांदा पाहुणेसाहेब, गाडीत बसता बसता. मग रांगेत पुढे असलेल्या दोघी बहिणी, मग गावातले एक वकील, मग एकेक करून अंगणच्या अंगण. नव्या कपड्यांतली माणसं खांबांना मिठ्या मारून ओकत होती. जिथे चपला काढल्या होत्या तिथे एक गृहस्थ वाकले, आणि चार घरच्या चपला कामातून गेल्या. काल ज्यांनी एकमेकांना जेवायचं आमंत्रण दिलं होतं ते एकमेकांच्या अंगावर ओकारी झाली म्हणून आईबापावरून भांडत होते. अध्यक्षांच्या आईंना बाकावर बसवलं होतं, त्यांनी बाकावरच्या नवऱ्याच्या नावावर ओकून घेतलं. वास असा होता की काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

त्या सगळ्यात बादली आणि खराटा घेऊन फिरत होती ती एकटी मावशी. राख टाकायची, ओढायची, पाणी मारायचं, पुढे सरकायचं. "बघतेस काय, इकडे ये आधी," अध्यक्षांच्या आई तिच्यावर ओरडल्या. ती गेली.

कुणी दगावलं नाही. डॉक्टरांनी पुड्या दिल्या, साखर-मिठाचं पाणी प्यायला सांगितलं, आणि रात्रीपर्यंत गावाची पोटं ठिकाणावर आली. पोटं ठिकाणावर आली तशी तोंडं सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभामंडपात बैठक भरली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि मावशी बाहेर पायरीपाशी, कारण तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि विषय तिचाच निघणार हे तिला कळत होतं. आधी दुधाचा संशय निघाला. पण दूध घालणारा अध्यक्षांचा मेहुणा होता, त्यामुळे तो संशय अर्ध्या मिनिटात वारला. मग मधाचा निघाला. मध हेडमास्तरांनी आणला होता, म्हणून मधही निर्दोष सुटला.

"भांडं घासलं कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

मंडपात एकदम बरं वाटल्यासारखं झालं. माणसं सरसावून बसली.

"मी म्हणतच होते," अध्यक्षांच्या आई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्या काही म्हणाल्या नव्हत्या. "देवाच्या भांड्यांना तिचा हात लागू देऊ नका."

"मोरी काढते त्याच हातानं घासत असणार," एक बाई म्हणाली.

"कुठून आली, काय खाते, कुणाला ठाऊक आहे?" दुसरी म्हणाली. काल हिच्याच साडीवरचं मावशीनं ओल्या फडक्यानं टिपून काढलं होतं. काकूंना तिच्याकडे बघून किळस आली. तिच्या पावडर लावलेल्या मानेची, तिच्या जिभेची, हो ला हो करत डोलणाऱ्या त्या सगळ्या मानांची.

काकू उठल्या. बैठकीत बायका सहसा उठत नसत, त्यामुळे शांतता झाली.

"मावशीचा काही संबंध नाही यात," त्या म्हणाल्या. "भांड्याला कल्हई नाही. पाच तास दही नुसत्या तांब्यात होतं. ते कळकलं. एवढंच झालंय."

बोलून झाल्यावर काकूंना हलकं वाटलं. बाहेर पायरीपाशी मावशीनं मान वर केली होती, ते त्यांना दिसलं.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "काकू, हे तुम्हाला कधी कळलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की कळकलं असेल तर वास आला असेल. तुमच्या नाकाची कीर्ती आम्ही सगळे जाणतो. तर काल, तीर्थ वाटायच्या आधी, तुम्हाला वास आला होता का? आला असेल, तर तुम्ही आणि गुरुजींनी जाणूनबुजून गावाला ते पाजलंत असं होईल. म्हणून विचारतो."

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मांडीवरच्या धोतराची निरी एकसारखी चिमटीत धरून सारखी करत होते. ती सारखीच होती. त्यांचा म्हातारा, घाबरा, हाडकुळा हात तेवढा हलत होता. त्या हाताकडे बघताना काकूंना दया आली आणि चीडही आली.

"नाही," काकू म्हणाल्या. "काल नाही आला वास. आज विचार केला तेव्हा सुचलं."

"मग झालं!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "काकूंच्या नाकाला जे कळलं नाही ते भांड्यात नव्हतंच. भांडं निर्दोष आहे. घासताना तिचा हात लागून काय व्हायचं ते झालं."

लोक हसले. एवढ्या वर्षांत काकूंच्या नाकाला पहिल्यांदाच गावानं प्रमाण मानलं होतं, आणि ते मावशीच्या गळ्याला फास लावायला. काकूंना आपलंच तोंड कडू लागलं.

"मग पुन्हा करून बघा," त्या ओरडल्याच. "येत्या रविवारी. मी स्वतः घासते, मावशीचा हात लागणार नाही. पण साडेसहाला करायचं आणि साडेअकराला वाटायचं. काल जसं होतं तस्सं. आणि सगळ्यांनी घ्यायचं."

आता मागे सरायचं तर वडिलांची लाज जाणार होती. अध्यक्ष म्हणाले, "करा. पहिलं मी घेईन. काही झालं नाही, तर मात्र त्या बाईनं त्याच दिवशी खोली सोडायची."

आठवडाभर काकू मनाशी म्हणत होत्या की आता ही माणसं तोंडघशी पडणार. पंधरा जण तरी ओकतील, आणि पहिला ओकेल तो अध्यक्ष. ते चित्र त्या रोज रंगवायच्या, आणि त्यात त्यांना जी गोडी वाटत होती तिचीही त्यांना थोडी किळस यायची. मावशीला त्यांनी सांगितलं, "तू काळजी करू नकोस. रविवारी दूध का दूध होईल." मावशीनं चहाचा कप विसळून कोनाड्यात ठेवला.

रविवारी काकूंनी पातेलं स्वतः घासलं. साडेसहाला दही ओतलं. नऊला वास आला, ठरल्यासारखा. दहाला कड हिरवी झाली. अकराला पातेल्याच्या चार हातांवरून नाक असलेल्या कुणालाही कळावं इतकं ते उग्र झालं, आणि देवळात त्या दिवशी सगळ्यांनाच नाकं होती. लोक येत होते, पातेल्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते आणि लांब जाऊन बसत होते. काकूंना उकळ्या फुटत होत्या. कळलंय ना? कळलंय. मग बोला आता.

साडेअकराला गुरुजींनी पळी भरली. अध्यक्ष पुढे झाले. त्यांनी तळहात पुढे केला, तळव्यावर हिरवट पांढरं तीर्थ आलं. अध्यक्षांनी ते नाकापर्यंत नेलं. क्षणभर त्यांचा चेहरा गटारावरून उडी मारणाऱ्या माणसासारखा झाला. मग त्यांनी डोळे मिटले, हात तसाच वर नेला आणि सगळं तीर्थ टकलावर ओतून चोळलं.

"मस्तकी धारण करतो," ते म्हणाले.

हेडमास्तर पुढे आले. त्यांनीही मस्तकी धारण केलं. मग वकील, मग दोघी बहिणी, मग त्या पावडरवाल्या बाई, मग रांगच्या रांग. तळहात पुढे, डोळे मिटलेले, हात वर. कुणी भुरका मारला नाही, कुणी चाटलं नाही. लहान मुलांच्या डोक्यांना आयांनी चोळलं आणि तोंडात जाऊ नये म्हणून त्यांचे हात घट्ट धरून ठेवले. दही कपाळांवरून ओघळत होतं, कानांमागे साचत होतं, कॉलरमध्ये उतरत होतं. माशा आल्या. शंभर माणसं डोक्याला नासकं दही फासून, अंगाला हिरवट वास घेऊन, हात जोडून शांत उभी राहिली. एकजणही दुसऱ्याकडे बघत नव्हता.

"दहा मिनिटं झाली," हेडमास्तर घड्याळ बघून म्हणाले. "कुणाला त्रास?"

कुणाला नव्हता.

"म्हणजे भांडं निर्दोष आहे हे सिद्ध झालं."

टाळ्या पडल्या. चिकट हातांच्या टाळ्या होत्या, त्यांचा आवाजही धड येईना.

"अरे, कुणी प्यायलंच नाही!" काकू ओरडल्या. "एकानं तरी प्यायलंत का? लाजा वाटत नाहीत का रे तुम्हाला?"

माणसांनी ऐकलं. ऐकल्याचं त्यांच्या मानांवरून कळत होतं. पण तेवढ्यात घंटा सुरू झाली. जोरात, वेड्यासारखी, थांबेचना. काकूंनी वर पाहिलं. गुरुजी दोन्ही हातांनी दोर ओढत होते, आणि बायकोचा आवाज बुडेपर्यंत ते थांबणार नव्हते.

काकू मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि थेट मावशीच्या खोलीशी गेल्या. मावशीची पेटी भरून झाली होती. दोन लुगडी, एक चादर, एक तवा आणि भिंतीवरचा आरसा असा तिचा एकोणीस वर्षांचा संसार त्या पत्र्याच्या पेटीत मावला होता आणि वर जागा उरली होती.

"कुणी प्यायलं नाही गं," काकू रडत म्हणाल्या. "सगळ्यांना कळलं, आणि एक मेला बोलला नाही. डुकरं आहेत ही. डोक्याला चोळून घेतलं सगळ्यांनी."

"ऐकलं मी," मावशी म्हणाली. "वहिनी, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी तुम्हाला वास आला होता ना?"

काकूंच्या तोंडाशी बैठकीतलं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "आला होता."

"कधी?"

"नऊला."

मावशीनं मान हलवली. "म्हणजे बाराला पातेल्याच्या तळाचं मला तांब्याभर दिलंत, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

काकूंना आठवलं. वाटून झाल्यावर तळाला उरलं होतं, सगळ्यात दाट आणि सगळ्यात हिरवं. उरलेलं नेहमी मावशीचं. त्यांनी पातेलं कलतं केलं होतं, मावशीच्या तांब्यात ओतलं होतं, आणि वास लागू नये म्हणून तोंड फिरवलं होतं. मग इतकं काय काय झालं की ते मनातून पार गेलं होतं. आठ दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. आपण ते एका माणसाला प्यायला दिलं, असं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं.

"तू प्यायलीस?"

"प्यायले ना. देवाचं होतं."

"मग तुलाही...?"

"झालं की. लोकांचं काढता काढता मध्येच माझंही व्हायचं. मग तेही काढायचं. तीन दिवस अन्न ठरलं नाही."

चहाला ती रोज येत होती. तीन दिवस तिचा कप अर्धा भरलेला राहत होता, आणि काकू तो कोनाड्यातून उचलून ओतत होत्या. मावशीची तब्येत कशी आहे हे सगळ्या गावात कुणीच विचारलं नव्हतं, आणि काकूंनीही विचारलं नव्हतं.

"मी मुद्दाम नाही दिलं गं," काकू म्हणाल्या. आपला आवाज त्यांना ओशट वाटला. "देवाशपथ मुद्दाम नाही."

"ते माहीत आहे मला," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कामाचं बोलावं तसं ती बोलत होती. "मोरीत ओतलं असतं तर दह्यानं मोरी तुंबली असती. म्हणून मला दिलंत."

ती उठली. पेटी जड होती. एका कडीला धरून तिनं ती उचलून पाहिली, ती एका बाजूला कलंडली. काकूंनी डोळे पुसले आणि दुसरी कडी धरायला घाईनं हात पुढे केला.

"राहू द्या वहिनी," मावशी म्हणाली. "हात नका लावू."

मग एकटीनंच पेटी ओढत ती आवाराच्या मागच्या दारानं बाहेर गेली.